आत्याबाई, गालगुंड झालंय का?

घरात लग्न निघालं की सगळ्यात आधी काय करायचं? हॉल? केटरर? छे. मोबाइलचा कॅमेरा खालून धरून स्वतःकडे बघायचं आणि हनुवटीखाली जो ऐवज साठलाय तो चिमटीत पकडून हताश व्हायचं. एवढं जमलं की तुम्ही चरबी विरघळवायच्या इंजेक्शनला पात्र झालात. पुढचं मार्गदर्शन मी करते. अनुभव ताजा आहे, सूज परवाच उतरली.

दवाखाना निवडताना पाटी बघू नका, सोफा बघा. पाटीवर पदवी, नोंदणी क्रमांक असलं काहीतरी रुक्ष लिहिलेलं असतं. सोफा मखमली असला आणि पाण्याच्या जगमध्ये काकडीच्या चकत्या तरंगत असल्या, की सुई योग्य जागी लागणारच.

जाताना कारण मात्र दुसरंच काढून जा. मी मानेवरची चामखीळ काढायला गेले होते. काळा ब्लेझर घातलेल्या काउन्सेलर मुलीने तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. "मॅम, ते होऊन जाईल. पण तुमची जॉलाइन कुठे गेलीय?" ती असेल 25 ची, मी 53 ची. जॉलाइन कुठे गेली ते मला पक्कं ठाऊक होतं. दोन बाळंतपणं, 27 वर्षं डोंबिवली लोकल, आणि सासरच्या माणसांचं उरलेलं वाया जाऊ नये म्हणून स्वतःच संपवलेली पातेली. पण तिला हे कुठे सांगत बसायचं? आणि भाच्याचं लग्न 5 दिवसांवर आलेलं. (चामखीळ अजून जागच्या जागी आहे.)

सुटं सिटिंग घेऊ नका, पॅकेज घ्या. ऑफर आजच संपणार असते. मी गेले त्या दिवशी संपत होती, काल त्यांचा फोन आला तेव्हाही आजच संपत होती.

पक्कं बिल मागू नका. दुखण्यावरच्या उपचाराला जीएसटी नसतो, निव्वळ रूप सुधारण्याला असतो. म्हणजे हा काही आजार नव्हे, हे सरकारलासुद्धा कळलंय.

गोरं व्हायचं असेल तर ग्लुटाथायोनचं सलाईन लावून घ्या. ते आपलं यकृत रोज फुकटात बनवतं, पण फुकटच्या वस्तूला किंमत कुठे असते? त्वचा उजळण्यासाठी म्हणून अमेरिकेच्या एफडीएने एकाही इंजेक्शनला मान्यता दिलेली नाही. नसेना का, आपलं कार्य काय अमेरिकेत आहे?

बोटॉक्सचा असर 3-4 महिन्यांत उतरतो. तेव्हा बारसं, मुंज, साठीशांत यांच्या तारखा त्या हिशेबाने धरा.

नाकाला उठाव यावा म्हणून फिलर, म्हणजे भरावाचं जेल, टोचून घेताना ते विरघळवणारं हायलुरोनिडेज नावाचं औषध दवाखान्यात ठेवलंय का, असलं विचारून वातावरण बिघडवू नका. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेला तर डोळा जाऊ शकतो. जाऊ शकतो, एवढंच.

आता मुख्य नियम. बाटलीवरचं नाव वाचायला मागू नये. मी विचारलं होतं, नाही असं नाही. उत्तर आलं, "इम्पोर्टेड आहे मॅम, कोरियन." कोरियन हे काय औषधाचं नाव झालं? सिरिंज आधीच भरून ट्रेमध्ये आली. आणणारी नर्स होती का, ते मला माहीत नाही. निळा गाऊन होता, त्यावर आपण समाधान मानायचं. मी बँकेत कर्जाच्या फायली तपासते. एक सही कमी असली तर पार्टीला आल्या पावली परत पाठवते. त्याच मी, आडवी पडल्यापडल्या, चष्मा पर्समध्ये असताना, चार पानी संमतीपत्रावर सही केली. भाजीवाल्यासमोर भेंडीचं टोक मोडून बघणारी बाई मी! नारळ कानाशी हलवून घेते, दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचते. आणि गळ्यात काय घालताय हे विचारताना माझीच जीभ अडखळली, का, तर त्यांना वाईट वाटू नये!

जे आधी वाचायला हवं होतं ते घरी येऊन वाचलं. हनुवटीखालच्या चरबीसाठी अमेरिकेत 2015 साली मान्य झालेलं औषध म्हणजे डीऑक्सिकोलिक आम्ल. ते आपल्या पित्तातही असतं, खाल्लेलं तूपतेल पचवायला. चरबीत टोचलं की ते चरबीच्या पेशीचं आवरण फोडतं. पण ही पेशी चरबीची आणि ती दुसरी कसली, एवढा विवेक त्याला नसतो. म्हणून आधी खुणा करायच्या, ठरावीक अंतरावर, ठरावीक खोलीवर टोचायचं. एका वेळी 50 पर्यंत टोचण्या होतात, आणि पुढची खेप किमान महिन्याने. जबड्याच्या कडेने खालचा ओठ हलवणारी बारीक नस जाते, तिला इजा झाली तर हसू वाकडं होतं. मान्यता फक्त हनुवटीखालच्या जागेला आहे. तरी त्यांच्या दरपत्रकात दंड, पोट, पाठ असे दर लावले होते, खाटकाच्या दुकानात असतात तसे. आणि सूज? ती येतेच, कितीही नीट टोचलं तरी. मला काय सांगितलं होतं? "दोन दिवसांत फोटोरेडी." बरं, हेच औषध माझ्या गळ्यात गेलं की आणखी काही, ते मला आजही माहीत नाही.

हळदीच्या दिवशी हनुवटीपासून गळ्यापर्यंत सगळं एकसंध झालं होतं. पावसाळ्यात बेडूक फुगतो तशी मी. शालूवर स्कार्फ गुंडाळून मांडवात बसले, तर नवरीच्या आजी सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आत्याबाई, गालगुंड झालंय का? जरा लांब बसता का, लहान मुलं आहेत." नवऱ्या मुलाची सख्खी आत्या, आणि अक्षता टाकायला खांबाआड उभी!

दवाखान्यात फोन लावला, डॉक्टरांशी बोलायचंय म्हटलं. "सर व्हिजिटिंग आहेत मॅम, फक्त गुरुवारी येतात."

मग सोमवारी मला टोचलं कुणी?

आणि तुम्ही हे वाचून हसू नका. तुमच्यातल्या निम्म्यांनी कुठल्या ना कुठल्या पॅकेजचा ॲडव्हान्स भरलाय. करायचंच असेल तर करा, तोंड तुमचं, पैसा तुमचा. पण अक्कल पायपुसण्यापाशी चपलांबरोबर काढून ठेवू नका. बाटली हातात घ्या, चष्मा लावा, नाव, बॅच, तारीख वाचा, फोटो काढा, समोर उघडायला लावा. सुई ज्याच्या हातात आहे त्याचं नाव आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. तोंड वाकडं केलं तर पर्स उचला आणि चालू पडा. गेलेला ॲडव्हान्स वाकड्या ओठापेक्षा स्वस्त असतो.

आणि त्या ब्लेझरवालीच्या मालकांनो, आलेल्या बाईला चामखिळीवरून जॉलाइनवर नेता, तेवढ्या तत्परतेने बाटलीवरचं लेबल दाखवायला काय धाड भरते?

राहिल्या आमच्या वहिनी. साखरपुड्याच्या भर पंगतीत, मी जिलबी घेत असताना, "किती सुटलीस गं, फोटोत मान तरी दिसेल का तुझी?" असं तुम्हीच म्हणालात ना? माणूस भेटलं की पाणी विचारावं, तब्येत विचारावी, पोरांची चौकशी करावी. माझी मान मोजायला तुम्हाला कुणी बोलावलं होतं?