हिमालयनमध्ये बुलेटचं इंजिन नाही

‘रॉयल एनफिल्ड हिमालयन म्हणजे बुलेटचंच जुनं इंजिन, फक्त बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवलेलं’ असा मजकूर फिरतोय. तो चुकीचा आहे. २०१६ च्या हिमालयनचं ४११ सीसी इंजिन नव्याने बनवलेलं होतं. त्या वेळच्या बुलेटमध्ये कॅम (इंजिनच्या झडपा उघडणारा फिरता दांडा) खाली असायचा आणि लांब पुशरॉड, म्हणजे ढकलणारे दांडे, वरचे रॉकर (झडपा दाबणारे तरफेसारखे भाग) हलवायचे. हिमालयनमध्ये कॅम थेट हेडमध्ये (सिलिंडरच्या वरच्या भागात), चेनवर फिरणारा. बोअर ७८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ८६. बुलेट ३५० मध्ये ७० आणि ९०. बोअर वाढवल्याने स्ट्रोक कसा कमी होईल? २०२३ ची ४५२ सीसी हिमालयन तर लिक्विड कूल्ड (द्रवाने थंड होणारी) आहे.

वारसा मात्र खरा आणि अभिमानाचा: इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या रॉयल एनफिल्डची पहिली मोटारसायकल १९०१ ची, मद्रासची एनफिल्ड इंडिया कंपनी १९५५ ची.