पायडल वेगळं मिळेल

पुण्याच्या त्या दुकानात सायकली जमिनीवर उभ्या नव्हत्या, भिंतीवर टांगलेल्या होत्या. दुकानातल्या पोरानं त्यातली एक काढून माझ्यापुढं धरली आणि म्हणाला, "सर, एका बोटानं उचला." मी उचलली. कार्बनची फ्रेम, वजन साडेआठ किलो, किंमत एक लाख चाळीस हजार. बोटाला काही जाणवलं नाही, छातीत थोडं जाणवलं. मग सहज खाली नजर गेली. जिथं पाय ठेवायचा तिथं नुसतं भोक होतं.

"पायडल?"

"पायडल वेगळं मिळेल, सर. या रेंजच्या सायकलला पायडल येत नाही."

मी पाटबंधारे खात्यात आहे. अर्धवट झालेलं काम पूर्ण झालं म्हणून ताब्यात घ्यायचा मला वीस वर्षांचा अनुभव आहे. पण ठेकेदारानं "दरवाजे वेगळे मिळतील" असं तोंडावर सांगून बंधारा सोपवला, असं अजून एकदाही झालेलं नाही.

हे सगळं सुरू झालं ते ऑफिसातल्या एका सहकाऱ्यामुळं. गोव्याला जाऊन तो १.९ किलोमीटर पोहला, ९० किलोमीटर सायकल चालवली, २१.१ किलोमीटर पळाला आणि गळ्यात पदक घालून सोमवारी टेबलावर येऊन बसला. त्या दिवशी त्याच्याकडं एकही फाईल आली नाही, नुसती माणसं आली. आमच्या कोल्हापुरात या खेळाचं वेड असं आहे की पहाटे पाचला राजाराम तलावावर गेलात तर पाण्यात म्हशींपेक्षा डॉक्टर जास्त दिसतात. वयाच्या ४४ व्या वर्षी मलाही वाटलं, आपणही एकदा करून बघावं. फॉर्म भरला. स्पर्धेचं नाव आयर्नमॅन ७०.३. आबांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं तर ते म्हणाले, "सत्तर पॉइंट तीन? धाव्वीला पडलं असतं तर बरं झालं असतं." ही तिन्ही अंतरं मैलांत मोजून त्यांची बेरीज केली की ७०.३ होते, हे मी त्यांना समजावलं. बेरजेबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

सायकल घरी आली त्या दिवशीचा प्रसंग. आबा पोस्टमन होते. पन्हाळा तालुक्यातल्या गावांतून ३१ वर्षं त्यांनी सायकलवरनं टपाल वाटलं. त्यांची काळी सायकल अजून परड्यात आहे आणि ती हलवायला दोन माणसं लागतात. त्यांनी माझ्या सायकलीला एक फेरी मारली. मग दुसरी मारली, उलट्या बाजूनं.

"आरं, ह्येला श्टँड कुठाय?"

"नाही."

"मग हुबी कशी ऱ्हाणार?"

"भिंतीला टेकवायची."

"आन् भित नसंल तर?"

या प्रश्नाचं उत्तर एक लाख चाळीस हजारांच्या माहितीपुस्तकात नव्हतं.

"मडगार?" नाही. "कॅरेज?" नाही. "चैनकव्हर? डायनामा? कुलूप?" नाही, नाही, नाही. "घंटी तरी हाय का न्हाई?" मी मान हलवली. आबा पायरीवर बसले. "मग येवढं पैसं दिलंस कशाचं?"

"आबा, वजन कमी आहे हिचं."

"वजन कमी म्हंजी माल कमी. माल कमी तर पैसं बी कमी पायजेत. त्यो दुकानदार हुशार हाय, लेका."

पुढच्या आठ महिन्यांत मी जे जे बघितलं किंवा विकत घेतलं त्याला हा हिशेब तंतोतंत लागू पडला. या खेळात पैसे द्यायचे असतात ते नसण्याचे. टायर घ्यायला गेलो तर महागातला टायर बिनट्यूबचा. चाकं बघितली तर जितक्या तारा कमी तितकी किंमत जास्त. आणि ज्या पायडलला बूट खालून खटकन अडकतो, इतका की ओढूनही निघत नाही, त्या पायडलचं नाव क्लिपलेस. म्हणजे बिनक्लिपचं. पूर्वी पायाला पट्ट्याची क्लिप असायची, ती गेली म्हणून हे नाव, असं मला त्या पोरानं सांगितलं. हे म्हणजे तुरुंगाच्या दारावरची कडी काढून तिथं कुलूप लावायचं आणि त्याला बिनकडीचं दार म्हणायचं.

त्या बिनक्लिपमध्ये पाय अडकवून मी पहिल्या रविवारी निघालो. रंकाळ्याला दोन चकरा झाल्या आणि वाटलं, जमलं. दसरा चौकात सिग्नल लाल झाला. मी ब्रेक लावला. सायकल थांबली. पुढं काय करायचं ते डोक्याला माहीत होतं: टाच बाहेरच्या बाजूला वळवायची, बूट सुटतो. पण पायाला माहीत नव्हतं. पाय ४४ वर्षांच्या सवयीनं वर ओढला गेला आणि बूट जागचा हलला नाही. एखादा जुना वाडा पडतो तसा मी पडलो. आधी नुसता कलता, मग सगळ्यांना बघायला पुरेसा वेळ देत, मग एकदम. पडल्यावरसुद्धा दोन्ही पाय पायडललाच होते. शेजारच्या बुलेटवरच्या गृहस्थानं खाली वाकून अत्यंत आपुलकीनं सांगितलं, "पाव्हणं, गाडी थांबली की पाय टेकायचा असतोय."

गिअरचं वेगळंच. शिमानो कंपनीच्या गिअरसंचांची तेव्हा उतरंड होती: क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा आणि सगळ्यात वर ड्युरा-एस. सरकारी नोकरीत जन्म गेलेल्या माणसाला ही व्यवस्था लगेच कळते. क्लॅरिस म्हणजे वर्ग चार, ड्युरा-एस म्हणजे थेट सचिव. मी १०५ घेतला, म्हणजे राजपत्रित झालो. सराव गटातला एक अल्टेग्रावाला तेव्हापासून माझ्याशी बरा बोलू लागला. टियाग्रावाल्याशी मी बोलायचा कमी झालो, हेही कबूल करायला हवं.

मग निघाला खोल रिमच्या, म्हणजे रुंद कडांच्या, चाकांचा विषय. या स्पर्धेत दुसऱ्याच्या मागं चिकटून त्याचा आडोसा घ्यायला बंदी असते, १२ मीटर अंतर ठेवावं लागतं, म्हणून सगळा वारा ज्याचा त्यानं कापायचा. ती चाकं वारा कापतात. किती, तर ताशी ४० किलोमीटरच्या वेगाला अमुक इतके वॅट वाचतात. मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. ताशी ४० चा वेग मी पन्हाळा उतरतानाच गाठतो, आणि तेव्हा माझे दोन्ही ब्रेक दाबलेले असतात. चाकं घेतली नाहीत. आठ महिन्यांतली माझी एवढी एकच बचत. नाही, दुसरी एक आहे. वेटसूट, म्हणजे पोहताना घालायचा रबरी पोशाख. पाणी २४.५ अंशांपेक्षा गरम असेल तर तो घालायला परवानगी नसते आणि गोव्याचा समुद्र त्याहून बराच कोमट. वाचलेल्या पैशांत मी सीट घेतली.

सीटचं मात्र सविस्तर सांगायला हवं. सायकलबरोबर आलेल्या सीटवर ४० किलोमीटर झाले की मला बसणं या क्रियेचाच तिटकारा यायचा. ऑफिसात उभ्यानं सह्या करू लागलो. गटातल्या जाणत्यांनी सांगितलं, सीट मऊ नको, मापाची हवी. माणूस मांसावर बसत नाही, बुडाच्या दोन हाडांवर बसतो आणि त्या हाडांमधलं अंतर मोजून सीट घ्यायची. मोजायचं कसं? तर खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा पायरीवर ठेवायचा, त्यावर गुडघे वर घेऊन बसायचं, पुढं वाकायचं आणि उठायचं. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर घ्यायचं.

मी दुपारी घरात कोणी नाही असं बघून मिक्सरचं खोकं फाडलं आणि जिन्यात बसलो. खळगे नीट उमटेनात म्हणून दोन्ही हातांनी पायरी धरून स्वतःला खाली ओढलं. तेवढ्यात आबा देवळातून परत आले. क्षणभर दारात थांबले.

"पोट साफ न्हाई का?"

"हाडं मोजतोय, आबा."

आबा आत गेले आणि सुनेला फोन लावल्याचं मला ऐकू आलं. संध्याकाळी बायको आली ती इसबगोल घेऊनच.

माप निघालं ११८ मिलिमीटर. त्यात काही मिलिमीटर मिळवून जी सीट आली तिच्या मधोमध लांबच लांब फट होती. रक्तपुरवठा सुरळीत राहावा म्हणून असते ती. बिनफटीची सीट अडीच हजारांना होती, फटीची साडेसात हजारांना. पाच हजारांची नुसती फट. आबांनी त्यातून बोट घालून पाहिलं आणि काही बोलले नाहीत. परड्यात जाऊन आपल्या सायकलीच्या चामडी सीटवरची धूळ मात्र त्यांनी त्या दिवशी पुसली. दोन स्प्रिंगांची आहे ती.

दुसऱ्याच दिवशी ते कोपऱ्यावरच्या दुकानातून ६० रुपयांची घंटी घेऊन आले. "माणसं मरतील रं, वरडत जाणार हाईस का?" त्यांनी स्वतः पाना घेतला. पण माझ्या हँडलची दांडी मधे ३१.८ मिलिमीटर जाड आणि घंटीचा पट्टा २२ चा. अर्धा तास खटपट झाली. शेवटी आबांनी घंटी खिशात टाकली. पंक्चरवाल्याकडंही तीच गत. आमच्या व्हॉल्व्हचं तोंड बारीक, त्याच्या नळीचं जाड. त्यानं व्हॉल्व्ह वाकून बघितला आणि विचारलं, "ह्यात हवा भरायची का शाई?"

मग पंक्चर घरीच काढायची तालीम सुरू झाली. दिवाणखान्यात सायकल उलटी, बायकोच्या हातात मोबाईलचं घड्याळ. पहिल्या दिवशी मला ट्यूब बदलायला ३४ मिनिटं लागली आणि नव्या ट्यूबला मी पान्यानं भोक पाडलं. बायको म्हणाली, "अहो, सरका जरा." तिनं अकरा मिनिटांत काम केलं. करंजीची कड दाबून बसवायची सवय टायरलाही चालते म्हणे. स्पर्धेत बाहेरच्या माणसाची मदत चालत नाही, हा नियम मला तेव्हा फार जाचक वाटला.

सरावाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पहाटे उठलो, दमलो, रात्री आठला जेवताना झोपलो. दर तासाला साठेक ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत म्हणून जेलच्या पुड्या घेतल्या. चव अशी, की डिंकाच्या बाटलीत कुणीतरी आंबा दाखवून परत नेला असावा. मग गुळाचे आणि शेंगदाण्याचे लाडू नेऊ लागलो. वाघबीळच्या चढाला तोंडात लाडू असताना जोरात श्वास घेऊ नये, एवढंच त्यातून शिकलो.

शेवटच्या आठवड्यात झोप लागेना. आबांना धीर द्यायला, खरं तर मला स्वतःला, मी या खेळाची जन्मकथा सांगितली. १८ फेब्रुवारी १९७८. हवाई बेटांतलं ओआहू. पोहणारा दमदार की पळणारा, या वादातून १५ जण उतरले आणि १२ जण पोचले. अंतर आमच्या दुप्पट. गॉर्डन हॉलर नावाचा माणूस ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पहिला आला. दुसरा आलेला जॉन डनबार, त्याच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. आबांनी सगळं शांतपणं ऐकून घेतलं. "त्येंच्या सायकलीला पायडल हुतं न्हवं?" त्यांनी विचारलं.

आजऱ्यावरून आंबोली उतरून आम्ही गोव्याला निघालो. मागच्या सीटवर बायको, बिनचाकाची सायकल आणि आबा. पुढचं चाक आबांच्या मांडीवर. चंदगडी पाव्हण्यांच्या घरी लग्नाला निघाल्यासारखे ते चाक सांभाळत बसले होते. गोव्यात २०१९ पासून ही स्पर्धा होते. आदल्या संध्याकाळी मिरामारला सायकल जमा करायची असते. लांबच लांब लोखंडी दांड्या आणि त्यांवर सीटनं अडकवलेल्या शेकडो सायकली. आबा कठड्याबाहेरून बघत राहिले.

"आत्ता कळलं श्टँड का न्हाई त्ये. खाटकाच्या दुकानागत टांगायच्याच असत्यात."

मी सायकल टांगून बाहेर आलो. आबा अजून तिथंच होते.

"कुलूप?"

"लागत नाही आबा. पहारा असतो."

"दीड लाखाची जिन्नस, उघड्यावर, बिनकुलपाची?" त्या रात्री लॉजवर आम्ही दोघंही जागे होतो. मी समुद्राच्या भीतीनं, ते सायकलीच्या. साडेतीनला त्यांनीच मला हाक मारली, "चल, बघून तरी यिऊ."

समुद्राबद्दल एवढंच की त्याला भिंत नसते. तलावात दमलो की काठ दिसायचा, इथं दिसत होती ती नुसती पुढच्याची टाच, आणि तीही तोंडावर आपटायच्या आधी जेमतेम. एक तास दहा मिनिटांची मर्यादा, मी एक तास दोन मिनिटांत वाळूवर सरपटत आलो. पुढं ९० किलोमीटर सायकल. तीन तास ५१ मिनिटं. पंक्चर नाही, पडणं नाही. साडेसात हजारांच्या फटीवर पैसे वसूल होताहेत, असं पहिल्यांदाच वाटत होतं. सगळं नको ते गाळलं होतं, हलकं हलकं वाटत होतं. सायकल दांडीला अडकवली, बूट बदलले आणि पळत बाहेर पडलो. पाय लाकडाचे झाले होते, पण पळत होते.

दोनशे मीटर गेलो असेन, तोच मागून घंटी वाजली. ट्रिंग ट्रिंग. मी सवयीनं डावीकडं सरकून वाट दिली. कुणी पुढं गेलं नाही. परत ट्रिंग ट्रिंग. मी आणखी सरकलो, पार कठड्याला चिकटलो. तर कठड्यापलीकडून आबा माझ्या बरोबरीनं पळत होते. एका हातात ती ६० रुपयांची घंटी, अंगठा खटक्यावर. दुसरा हात त्यांच्या स्वतःच्या टोपीकडं आणि मग माझ्या डोक्याकडं, असा सारखा जात होता.

मी डोक्याला हात लावला. हेल्मेट होतं.