धडधड थांबली म्हणजे गुठळीचा धोका टळला असं नाही

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ, हा हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आजार असलेल्यांसाठी एक संदेश सध्या घरोघरी फिरतोय. त्यात सांगितलंय: धडधड थांबली की रक्त पातळ करणारी गोळी बंद करा, फारच भीती वाटली तर ॲस्पिरिन घ्या, पालेभाजी कायमची सोडा, दात काढायचा तर पाच दिवस आधी गोळी थांबवा.

पहिला सल्ला सगळ्यांत घातक. एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला बोटाएवढी एक पिशवी असते. तिच्यात रक्त साकळतं, गुठळी होते आणि सुटली तर मेंदूत जाऊन अडकू शकते. पक्षाघाताचा धोका यामुळे सुमारे पाचपट होतो. मेटोप्रोलॉलसारखी गोळी ठोके आवरते म्हणून बरं वाटतं. गुठळीवर तिचा काही उपाय नाही. शिवाय कित्येकांना एएफ जाणवतही नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या 'अफर्म' अभ्यासात बहुतेक पक्षाघात वॉरफेरिन ही रक्त पातळ करणारी गोळी बंद केलेल्यांना किंवा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा; जितका जास्त तितकं रक्त पातळ) २ च्या खाली असलेल्यांना झाले होते. गोळी लागते की नाही हे वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची कमजोरी, आधीचा पक्षाघात यांवरून ठरतं. काहींना ती लागत नाही, हे खरं. पण धडधड हा त्याचा निकष नव्हे.

ॲस्पिरिनचं लवकर आटपू. २०११ च्या 'अव्हेरोज' अभ्यासात ॲपिक्साबॅन ही रक्त पातळ करणारी नवी गोळी घेणाऱ्यांना ॲस्पिरिनवाल्यांच्या तुलनेत निम्म्याहून कमी पक्षाघात झाले, आणि मोठा रक्तस्राव जवळपास तेवढाच. स्टेंटसाठी ॲस्पिरिन चालू असेल तर तो वेगळा मामला; तीही परस्पर बंद करू नये.

पालेभाजीच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच तो पटतो. वॉरफेरिन आणि त्याच जातीची ॲसिट्रॉम या जुन्या गोळ्या व्हिटॅमिन के च्या विरोधात काम करतात; ते रक्त गोठायला मदत करतं आणि पालेभाजीत भरपूर असतं. ॲपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगॅट्रान या नव्या गोळ्यांचा मेथी-पालकाशी संबंध नाही. ॲसिट्रॉमवाल्यांनीही भाजी सोडायची नाही, प्रमाण सारखं ठेवायचं. घोटाळा होतो तो असा: हिवाळ्यात मेथी स्वस्त, रोज एक जुडी, आयएनआर खाली. उन्हाळ्यात भाजी बंद, डोस मात्र हिवाळ्यातच वाढवलेला, मग हिरड्यांतून रक्त. आयएनआर साधारण २ ते ३ मध्ये हवा. कृत्रिम झडप असेल तर डॉक्टर वेगळा आकडा देतात. भाजीपेक्षा जपायचं ते गुडघेदुखीसाठी परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅकला आणि जुलाबावरच्या मेट्रोनिडाझोलला. पहिलीनं रक्तस्राव वाढतो, दुसरीनं ॲसिट्रॉमवर असताना आयएनआर चढतो. धातूची झडप असेल किंवा संधिवाती तापामुळे मायट्रल झडप बरीच अरुंद झाली असेल, तर ॲसिट्रॉमच लागते. शेजाऱ्याची 'नवी गोळी' तिथं चालत नाही.

एखादा दात बहुतेक वेळा गोळी न थांबवताच काढता येतो. गॉज दाबून धरणं आणि रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गुळण्या पुरतात. फार तर नव्या गोळीचा सकाळचा एखादा डोस पुढे ढकलायला सांगतात. या नव्या गोळ्यांचा असर एक-दोन दिवसांत उतरतो. पाच दिवस बंद म्हणजे निदान तीन दिवस उघड्यावर.

रोजच्या चुका मात्र त्या संदेशात नाहीतच. रिव्हारोक्साबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यायची. रिकाम्या पोटी ती पूर्ण शोषली जात नाही. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडायची नाही आणि आठवड्याच्या डबीत काढून ठेवायची नाही, दमट हवेत ती बिघडते. डोस चुकला तर दिवसातून दोनदाच्या गोळीला ६ तासांपर्यंत, एकदाच्या गोळीला १२ तासांपर्यंत घेता येतो. त्यानंतर सोडून द्यायचा. दोन एकदम कधीच नाहीत.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर लगेच १०८. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं, आणि ते द्यायचं की नाही हे ठरवताना डॉक्टर शेवटची गोळी कोणती आणि किती वाजता घेतली ते विचारतात. म्हणून गोळीचं नाव आणि वेळ फ्रिजवर लावलेल्या कागदावर रोज लिहा. त्या वेळी रुग्णाला सांगता येईलच असं नाही.