‘आयव्हीएफ नको’ म्हणायला शिकवणारी तीन वर्षं

सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा २०२१चा कायदा आणि त्यापाठोपाठ २०२२चे नियम आल्यापासून महाराष्ट्रातल्या माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ मित्रमैत्रिणींत एक वाद सतत चालू असतो. वंध्यत्वावर उपचार करायला एमडीनंतर वेगळी फेलोशिप, म्हणजे फक्त याच विषयाचं पुढचं प्रशिक्षण, खरंच हवी का? आयव्हीएफ, म्हणजे स्त्रीबीज शरीराबाहेर फलित करून गर्भ पुन्हा गर्भाशयात सोडणं, हे करणाऱ्या लेव्हल-२ क्लिनिकच्या डॉक्टरसाठी नियमांत दोन वाटा आहेत. प्रजनन वैद्यकातली डीएम (एमडीनंतरची अतिविशेष पदवी) किंवा फेलोशिप आणि सोबत अनुभव, ही एक. दुसरी वाट म्हणजे एमडी आणि जाणकाराच्या देखरेखीखाली स्त्रीबीजं काढल्याच्या ५० प्रक्रियांची नोंद. बहुतेकांना दुसरी पुरेशी वाटते. तिशी उलटली, घरात लहान मूल आहे, अजून किती वर्षं विद्यार्थी म्हणून राहायचं, असं ते विचारतात.

मी न्यू जर्सीत असते. मुंबईची एमडी घेऊन आले, पण इथे त्या पदवीवर स्वतंत्रपणे रुग्ण तपासता येत नाहीत. चार वर्षांची रेसिडेन्सी (रुग्णालयात राबून घ्यायचं विशेषज्ञाचं प्रशिक्षण) पुन्हा पहिल्यापासून केली, मग तीन वर्षांची फेलोशिप. हातातून निसटणारी वर्षं मला कुणी समजावून सांगायला नकोत. तरीही त्या ५०च्या नोंदीवर माझा विश्वास नाही, कारण ती या कामातला सगळ्यात सोपा भाग मोजते.

सोनोग्राफीत फॉलिकल, म्हणजे स्त्रीबीजाची पिशवी, बघत सुई नेमकी पोचवणं हाताला सवयीने जमतं. कठीण असतं ते त्याच्या कितीतरी आधीचं. समोरच्या मुलीची पाळी बंद आहे ती थायरॉईडमुळे, प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे, पीसीओएसमुळे (संप्रेरकांच्या बिघाडाने स्त्रीबीज नियमित तयार न होणं), की वजन फार घटल्याने मेंदूकडून बीजकोशाला निरोपच जात नाही म्हणून? नवऱ्याची वीर्यतपासणी नीट झाली आहे का, की तिच्यावरच सगळ्या चाचण्या चालल्या आहेत? साध्या गोळ्यांनी स्त्रीबीज तयार होत असेल, गर्भनलिका मोकळ्या असतील, तर आयव्हीएफची घाई कुणाला आहे? फेलोशिपमध्ये मला सर्वांत जास्त झापलं गेलं ते याच प्रश्नांवरून. इथे त्या तीन वर्षांतलं किमान एक वर्ष संशोधनासाठी राखलेलं असतं, प्रबंध लिहावा लागतो, आणि शेवटी तोंडी परीक्षेत स्वतः हाताळलेल्या रुग्णांची यादी परीक्षकांपुढे ठेवावी लागते. हिला हा उपचार का दिलात, हे एकेका रुग्णाबद्दल सांगता आलं पाहिजे.

भारतात असं शिक्षण नाही असं नव्हे. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची दोन वर्षांची एफएनबी ही फेलोशिप आहे, डीएम आणि तशीच एमसीएच ही पदवी आहे, आणि तिथून बाहेर पडणारे डॉक्टर जगात कुठेही मान ताठ ठेवून काम करतील असे असतात. पण त्या जागा मोजक्या. त्याबाहेर पसरलेले आहेत ते काही आठवड्यांचे, स्वतःच्या खिशातून फी भरून करायचे कोर्स. ते बहुधा खासगी केंद्रांत चालतात आणि त्यांचा भर पिकअप (स्त्रीबीजं काढणं) आणि ट्रान्सफरवर (गर्भ गर्भाशयात सोडणं) असतो. जिला आयव्हीएफशिवाय दिवस राहतील अशी बाई त्या शिकाऊ डॉक्टरला दिसतच नाही. मग तो दिसेल त्याला आयव्हीएफ सुचवू लागला, तर दोष एकट्या त्याचा कसा?

आता अमेरिकेची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण घरच्या वादात ‘तिकडे बघा कसं असतं’ हे फार सहज म्हटलं जातं. इथे फेलोशिपच्या जागा इतक्या थोड्या आहेत की तज्ज्ञ मोठ्या शहरांतच एकवटले आहेत. आयव्हीएफच्या एका सायकलला सहज १५ हजार डॉलर लागतात. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्याने १९८७मध्येच विम्यात हे उपचार आणले, पण अनेक राज्यांत अजून सगळा खर्च रुग्णाचा. फेब्रुवारी २०२४मध्ये अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भ्रूणांना मुलांच्या पंक्तीत बसवलं, तेव्हा खटल्यांच्या भीतीने तिथल्या बर्मिंगहॅमच्या विद्यापीठ रुग्णालयाने आयव्हीएफ थांबवलं होतं. पुढच्याच महिन्यात राज्याला आयव्हीएफ करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला. उत्तम शिक्षण घेतलेला डॉक्टर असूनही बाई उपचाराविना राहते, हे मी इथे पाहते आहे.

अभ्यासक्रमही जसाच्या तसा उचलू नये. गर्भाशयाचा आणि गर्भनलिकांचा क्षयरोग इथे पुस्तकात राहतो. आपल्याकडे तो नळ्या बंद पडण्याचं मोठं कारण आहे. त्याने गर्भाशयाचं अस्तर जाळून टाकलेलं असेल तर कितीही चांगला गर्भ सोडा, तो रुजत नाही, आणि कुटुंबाने कर्ज काढून आणलेले पैसे जातात. हे ओळखायला मी मुंबईतल्या ओपीडीत शिकले, अमेरिकेत नाही.

म्हणून फेलोशिपच्या जागा सरकारी आणि पालिका रुग्णालयांत वाढाव्यात असं मला कळकळीने वाटतं. जिथे आयव्हीएफ न केल्याने कुणाचं उत्पन्न बुडत नाही, तिथेच ‘नको’ म्हणणं शिकता येतं. याची सुरुवात परळमध्ये कधीच झाली होती. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये हर्षा चावडा या आयव्हीएफने झालेल्या मुलीचा जन्म झाला तो डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून. एक पालिकेच्या रुग्णालयातल्या डॉक्टर, दुसरे शेजारच्या केंद्र सरकारी प्रजनन संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ. रुग्ण आणि प्रयोगशाळा चालत जाण्याच्या अंतरावर होत्या. पुढे हे तंत्र झपाट्याने खासगी क्षेत्रात गेलं आणि शिकवण्याचं काम मागे पडलं. गोव्यात २०२३मध्ये बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाने मोफत आयव्हीएफ सुरू केलं, तेव्हा मला झालेला आनंद उपचारांइतकाच तिथे शिकू शकणाऱ्या डॉक्टरांसाठी होता.

या मागणीवरचा एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो. फेलोशिप सक्तीची केली तर गडचिरोली-हिंगोलीच्या बाईने कुठे जायचं? माझ्या मते तपासणी, गोळ्या, आययूआय (तयार केलेलं वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) ही कामं तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडेच राहावीत आणि एमडीतच नीट शिकवली जावीत. सक्ती फक्त लेव्हल-२ची, तीही आज काम करणाऱ्यांना बाहेर न काढता, पुढच्या तुकड्यांपासून. वयाच्या तक्रारीवरही काही करता येईल. सरकारी किंवा पालिकेच्या महाविद्यालयातून एमडी केल्यावर महाराष्ट्रात बंधपत्राचं एक वर्ष सरकारी सेवेत द्यावं लागतं. ते वर्ष सरकारी वंध्यत्व केंद्रात काढणाऱ्याच्या फेलोशिपमध्ये धरावं आणि उरलेल्या काळात पुरेसं विद्यावेतन द्यावं.