‘डोअर टू डोअर’ म्हणजे नक्की कुणाच्या दारात?

काल एका मैत्रिणीचा फोन आला. न्यू जर्सी सोडून आमच्या जॉर्जियातल्या मॅरिएटाला राहायला येतायत. दोन गाड्यांपैकी एक नवरा चालवत आणणार, दुसरी ट्रकवर चढवायची. तिघांकडून भाव काढले होते आणि सगळ्यात स्वस्तवाल्याला ‘हो’ म्हणायच्या बेतात होती. म्हटलं, बाई, जरा थांब. मग तासभर मीच बोलत होते. दर उन्हाळ्यात कुणीतरी हेच विचारतं, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

चार वर्षांपूर्वी आम्हीही न्यू जर्सीतल्या एडिसनहून असेच आलो. आमची जुनी कोरोला पाठवायला मला साडेसहाशे डॉलरचा भाव मिळाला. बाकीचे नऊशेच्या पुढे. मी खूश. उचलायचा दिवस आला, गेला, ट्रक नाही. तिसऱ्या दिवशी फोन: ‘मॅडम, मार्केट वाढलंय, आणखी तीनशे दिलेत तर उद्या गाडी उचलतो.’ तोवर आमचं घर रिकामं झालेलं, विमानाची तिकिटं हातात. दिले.

नंतर कळलं, फोनवरच्या त्या गोड माणसाकडे ट्रक नव्हताच. तो दलाल. तो तुमची गाडी लोड बोर्डावर, म्हणजे ट्रकवाले बघतात त्या ऑनलाइन यादीवर टाकतो, शेजारी भाडं लिहितो. ट्रकवाला आपल्या वाटेवरचं काय परवडतंय ते बघून उचलतो. ट्रेलरवर आठ-नऊ गाड्या मावतात, मग तो तुमची साडेसहाशेवाली कशाला घेईल? त्यातून ऑक्टोबरनंतर उत्तरेतले पेन्शनर थंडीला कंटाळून फ्लोरिडाकडे निघतात, गाड्या ट्रकवर घालून. दक्षिणेकडच्या ट्रेलरवर जागा मिळायची मारामार. म्हणजे स्वस्त भाव हा भाव नसतोच, ते तुम्हाला अडकवायचं आमिष असतं. दलाली हा धंदा वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. चांगला दलाल असेल तर तो पहिल्याच फोनला सांगतो की एवढ्या पैशांत ट्रक मिळणार नाही. फेडरल वाहतूक खात्याच्या साइटवर कंपनीचा यूएसडॉट (नोंदणी) नंबर टाकला की समोरचा दलाल आहे की खरा ट्रकवाला, हे दोन मिनिटांत दिसतं. मी ती दोन मिनिटं काढली नव्हती. आणि दलालांना 75,000 डॉलरची हमी ठेवावी लागते म्हणून निर्धास्त राहू नका, ती तुमच्या बंपरवरच्या चऱ्यासाठी नसते.

चऱ्यावर येतेच. आधी दाराचं सांगते.

आम्ही तेव्हा चर्च स्ट्रीटजवळ भाड्याने राहायचो. मॅरिएटाचा तो जुना भाग. अमेरिकन यादवी युद्धात, 1864 च्या नोव्हेंबरमध्ये, उत्तरेच्या जनरल शर्मनच्या फौजेने इथला चौक जाळला, पण आसपासची बरीच घरं वाचली. आजही रुंद व्हरांडे, पांढरे खांब आणि रस्त्यावर कमान धरलेले ओक. फोटो काढायला स्वर्ग. गाड्यांच्या ट्रेलरला नरक. ट्रेलर साडेतेरा फुटांपर्यंत उंच, लांबी पंचाहत्तर-ऐंशी फूट. शिवाय चौकाला खेटूनच रेल्वेचे रूळ, आणि क्रॉसिंगला जरा जरी उंचवटा असला तर जमिनीलगत पोट असलेला ट्रेलर तिथेच अडकतो. सदाशिव पेठेच्या बोळात कंटेनर घालण्यातला प्रकार.

संध्याकाळी सातला ड्रायव्हरचा फोन: ‘मी बिग चिकनपाशी उभा आहे, गाडी घ्यायला या.’ मी भडकले. डोअर टू डोअरचे पैसे दिलेत ना? तो शांतपणे म्हणाला, ‘तुमच्या रस्त्यावरच्या फांद्या मी नकाशावर बघितल्या. तुमची गाडी ट्रेलरच्या वरच्या मजल्यावर आहे.’ मग काय बोलणार.

बिग चिकन म्हणजे कॉब पार्कवेवर 1963 साली उभारलेली 56 फुटांची कोंबडी. डोळे फिरवते, चोच उघडते. आपण ‘शनिपाराला डावीकडे’ म्हणतो तसं इथे सगळे रस्ते कोंबडीपासून सांगतात. तिच्या जवळच्या एका मोठ्या पार्किंगमध्ये आमची कोरोला उतरली. अंधार, वर रिपरिप पाऊस. ड्रायव्हरने बिल्टी पुढे केली. तिच्यावर गाडीचं चित्र असतं, उचलतानाचे ओरखडे त्यावर खुणांनी नोंदवलेले असतात, आणि उतरवताना तेच चित्र घेऊन गाडीभोवती फिरायचं असतं. मी फिरले नाही. चिखलाने माखलेल्या गाडीकडे छत्रीतूनच बघितलं आणि सही ठोकली. सकाळी गाडी धुतली तर मागच्या बंपरवर वीतभर चरा. उचलतानाच्या खुणांमध्ये तो नव्हता. पण ‘सुस्थितीत मिळाली’ याखाली सही माझीच. विमेवाल्याने कागद दाखवला, विषय संपला.

ड्रायव्हरवर माझा राग नाही. तो बिचारा दिवसाला अकरा तासच चालवू शकतो, ट्रकमधलं यंत्र मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवतं. चर्च स्ट्रीटवर अर्धा तास अडकला तर त्याच्या पुढच्या गिऱ्हाइकाची गाडी उद्यावर जाते. राग आहे तो ‘अगदी तुमच्या दारात’ म्हणून पैसे घेणाऱ्यावर. कराराच्या बारीक अक्षरांत ‘ट्रक सुरक्षितपणे जाईल तिथपर्यंत’ असं असतंच. मग ते फोनवर मोठ्याने सांगायला काय होतं? पिन कोड ऐकला की कळायला हवं, जुनं गाव आहे, पार्किंग ठरवून घेऊ या.

(तसं वाहन भलत्याच ठिकाणी जाण्याची इथली परंपरा जुनी आहे. 12 एप्रिल 1862 ला यादवी युद्धात उत्तरेचे हेर याच मॅरिएटात प्रवासी म्हणून रेल्वेगाडीत चढले, पुढच्या बिग शँटी स्टेशनात बाकीचे नाश्त्याला उतरल्यावर ‘जनरल’ नावाचं इंजिनच पळवून नेलं. ते इंजिन शेजारच्या केनेसॉच्या म्युझियममध्ये आहे. मुलांना दाखवून आणा.)

आणखी एक. गाडी आली म्हणजे सुटलात असं नाही. जॉर्जियात 30 दिवसांत नोंदणी करावी लागते, आणि नव्याने राहायला येणाऱ्याला गाडीच्या सरकारने ठरवलेल्या किमतीवर 3 टक्के कर. आमच्या कॉब काउंटीत त्याआधी धूर तपासणीही. जुन्या गाडीवर हा सगळा खर्च करण्यापेक्षा तिथेच विकून यावं का, हा हिशेब ट्रक ठरवण्याआधी करा. आम्ही केला नव्हता. कोरोलावर जीव होता.

तर मैत्रिणीने मधला भाव घेतला, पार्किंगची जागा आधीच ठरवली, टाकीत पाव टाकीच पेट्रोल ठेवणार आहे आणि टोलचा टॅग काढून घेणार आहे. डिकीत कुकर आणि मसाल्याचे डबे भरायचा तिचा बेत होता, तो मी हाणून पाडला, कारण सामानाचा विमा नसतो. शनिवारी गाडी येतेय. मी टॉर्च आणि एक बादली पाणी घेऊन जाणार आहे.