एफआयपीच्या औषधाला ‘मंजुरी’? नाही, तसं झालेलं नाही

“मांजरांच्या एफआयपीवरच्या औषधाला अमेरिकेच्या एफडीएने मंजुरी दिली, आता शेल्टरवाल्यांनी कुठूनही मागवा,” असा मेसेज फिरतोय. अर्धवट माहिती आहे. (एफआयपी म्हणजे मांजरांना विषाणूमुळे होणारा जीवघेणा आजार; एफडीए म्हणजे अमेरिकेतली औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था.)

औषधाचं नाव जीएस-४४१५२४. मे २०२४ मध्ये एफडीएने एवढंच सांगितलं की, पशुवैद्याने ठरावीक मांजरासाठी चिठ्ठी दिली आणि फार्मसीने ते तयार करून दिलं, तर कारवाईचा इरादा नाही. ही मंजुरी नव्हे, आणि ‘कुठूनही’ तर अजिबात नाही.

औषध गुण देतं, हे मात्र खरं. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या नील्स पेडरसन यांच्या २०१९ च्या अभ्यासात ३१ पैकी २५ मांजरं दीर्घकाळ जगली. त्याआधी पोटात पिवळं, चिकट पाणी भरलं की मांजर गेल्यातच जमा! म्हणून कितीतरी जणांनी ‘पूरक आहार’ अशा लेबलाच्या चोरट्या बाजारातल्या कुप्या टोचल्या. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण त्या कुपीत औषध नेमकं किती, याची हमी कोण देणार? उपचार साधारण ८४ दिवसांचा, डोस वजनावर. पिल्लू बाळसं धरू लागलं की डोसही वाढवायचा. कमी पडला तर आजार उलटू शकतो.