हौद्यातला ओरखडा आणि वीस हजार रुपये

आज सकाळी साडेदहाला जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या एका पेढीचा मुलगा माझा पिकअप (पुढे पाच माणसांची केबिन आणि मागे सामानाचा उघडा हौदा असलेली गाडी) पाहायला आमच्या सोसायटीत आला होता. तो गेला त्याला आता आठ तास झाले, घोडबंदर रोडवरची संध्याकाळची वाहतूक तुंबली, स्वयंपाक झाला, तरी माझे डोके शांत झालेले नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मुलगा नम्र होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने रंगाची जाडी मोजायचे यंत्र चारही दारांना, बॉनेटला आणि छपराला लावून पाहिले, डॅशबोर्डखाली स्कॅनर जोडला, चटई अंथरून गाडीखाली शिरला आणि मोबाइलच्या उजेडात चॅसीवर गंज शोधला. त्याला काहीही सापडले नाही. मग त्याने फाळका उघडला, हौद्यात वाकून पाहिले, तळाच्या प्लास्टिकवर जो हातभर लांबीचा ओरखडा आहे त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ताई, यातून माल वाहिलाय. वीस हजार कमी होतील." त्यानंतर मालकाला फोन लावून तो माझ्यासमोरच म्हणाला, "हो शेठ, तोच तो टेम्पो."

पेढीने आधी सात लाख सांगितले होते, ते सहा लाख ऐंशी हजार झाले. २०१८ साली ही गाडी रस्त्यावर आणायला आम्हाला सतरा लाख लागले होते.

तो ओरखडा कशाचा आहे हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे, कारण तुम्हीच तेव्हा घरून पांघरुणे आणि ताडपत्र्या आणून दिल्या होत्या. जुलै २०२१ मध्ये सावित्री नदीच्या पुराचे पाणी महाडमध्ये शिरले, त्यानंतर आपण दोन गाड्या घेऊन निघालो होतो. एक माझा पिकअप, दुसरी आमच्याच मजल्यावरच्या दादांची नवी कोरी थार, महिंद्राची एसयूव्ही. पनवेल, पेण, नागोठणे, माणगाव असे करत पोहोचलो. पाण्याचे वीस लिटरचे जार, ताडपत्र्या, चादरी, बिस्किटांचे खोके, सगळे माझ्या हौद्यात होते, आणि थारच्या मागच्या सीटवर औषधांचे दोन खोके ठेवून झाल्यावर आणखी काही मावले नाही. परत निघताना एका गल्लीत पिठाची गिरणी चालवणाऱ्या मावशी भेटल्या. गिरणीची मोटर चिखलाने गच्च भरली होती आणि रिवाइंडिंगसाठी ती पनवेलला नेणारे कोणी मिळत नव्हते. चार माणसांनी ती मोटर उचलली, फाळक्यावर टेकवली आणि आत ढकलली, तेव्हा तिच्या लोखंडी बैठकीची कड हौद्याच्या तळावर करकरत गेली. तोच हा ओरखडा. आज त्याची किंमत वजा वीस हजार ठरली.

गेल्याच महिन्यात दादांनी ती थार विकली. दोन दिवसांत तीन गिऱ्हाइके आली, आणि सोळा लाखांच्या आसपास घेतलेली गाडी बारा लाखांना गेली. त्यांची गाडी माझ्या गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवी होती, त्यामुळे आकड्याला आकडा लावून तुलना करता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण वागणुकीची तुलना तर करता येते. थारच्या खाली जाऊन कोणी ओरखडे मोजले नाहीत. तिने किती खडकांवर पोट घासले आहे हे मी स्वतः पाहिले आहे, कारण मुरबाडच्या आमच्या शेताकडे जाणाऱ्या ओढ्यात ती दोनदा अडकली आणि दोन्ही वेळा माझ्याच गाडीने तिला दोर लावून ओढून काढले. ते ओरखडे म्हणजे हौस, आणि मोटरीचा ओरखडा म्हणजे मालवाहतूक! खडकावर खेळलेली एसयूव्ही घरातली गाडी राहते आणि एकदा गिरणीची मोटर वाहिलेला पिकअप मात्र टेम्पो ठरतो, हा कुठला न्याय आहे?

विम्याच्या कोष्टकात तरी हा भेद नाही. गाडीची विमा किंमत ठरवताना घसारा धरतात तो पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्ष पूर्ण होईपर्यंत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के, मग तुमच्या गाडीला मागे डिकी असो की हौदा. माझ्या गाडीचे पासिंग खाजगी आहे, पाटी पांढरी आहे, पाच माणसांची नोंद आहे. म्हणजे कागदावर ती मोटारच आहे. तरीही सात वर्षांत टोलनाक्यावर मला "मालगाडीच्या रांगेत घ्या" असे किती वेळा ऐकावे लागले असेल, त्याची गणती मी सोडून दिली आहे.

आणि यंत्राचे म्हणाल, तर टोयोटाची फॉर्च्युनर ही एसयूव्ही आणि हायलक्स हा पिकअप शेजारी उभ्या करा. दोघींचा शिडीसारखा सांगाडा एकाच घराण्यातला आहे, इंजिन तेच २.८ लिटरचे डिझेल, ताकद तीच २०४ अश्वशक्ती. फॉर्च्युनर आपल्याकडे २००९ पासून आहे आणि पुढारी, बिल्डर, डॉक्टर अशा सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतले. हायलक्स आली २०२२ मध्ये, जवळपास चौतीस लाखांपासून पुढे. थायलंडमध्ये अशाच पिकअपमधून अख्खे कुटुंब फिरते. ऑस्ट्रेलियात २०१६ ते २०२२ अशी सलग सात वर्षे हायलक्स हीच सर्वाधिक खपाची गाडी होती. अमेरिकेत टोयोटाचा टाकोमा हा पिकअप जुन्या बाजारात इतका भाव टिकवून धरतो की जीप रँग्लरसारख्या नामांकित एसयूव्हीच्या बरोबरीने त्याचे नाव घेतले जाते. म्हणजे हौदा असणे हा गाडीचा दोष नाही. तो दोष आपण आपल्या पार्किंगमध्ये उभे राहून ठरवला आहे.

पार्किंगचा मुद्दा निघालाच आहे तर तोही सांगते, कारण माझ्या मते अर्धे कारण तिथेच आहे. हायलक्स काय किंवा इसुझूची व्ही-क्रॉस काय, डबल कॅबचा, म्हणजे सीटच्या दोन रांगांचा, पिकअप ५.३ मीटरच्या आसपास लांब असतो. फॉर्च्युनर ४.८ मीटरच्या आत राहते, आणि तीन दारांची थार चार मीटरलाही थोडी कमी पडते. आमच्या सोसायटीत पार्किंगचे पट्टे पाच मीटरवर मारलेले आहेत. माझ्या गाडीचे नाक फूटभर बाहेर येते आणि त्यावरून वार्षिक सभेत दरवर्षी विषय निघतो. ठाण्यात आणि नवी मुंबईत आता जे नवे टॉवर उभे राहत आहेत त्यांत गाड्या एकावर एक ठेवणारी लिफ्ट असते, तिच्यात ही लांबी बहुतेक वेळा बसत नाही. इथे गाडी घेणारा माणूस आधी आपल्या पार्किंगचे माप आठवतो, आणि तिथेच माझी दहांतली सात गिऱ्हाइके गळतात. एसयूव्हीच्या वाट्याला ही गळती नाही.

दुसरेही एक कबूल करते. रिकामा पिकअप उडतो. मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांना वजनाची सवय असते, त्यामुळे हौदा मोकळा असला की घोडबंदरच्या खड्ड्यांत मागच्या सीटवरचा माणूस आसनावरून उचलला जातो. आई सात वर्षे हे सांगते आहे आणि तिचे खरे आहे.

पण हे सगळे मान्य केल्यावरही त्या पेढीने सांगितलेला भाव गाडीचा नाही, हेच मला म्हणायचे आहे. दुपारी जरा शांत झाल्यावर मी त्या मालकाला स्वतः फोन केला. माणूस सरळ होता. त्याने सांगितले की थार आज घेतली तर पुढच्या आठवड्यात जाते, पण पिकअप दोन-तीन महिने दारात उभा राहतो, तोवर त्याचे पैसे अडकतात, त्यांवर व्याज चढते आणि जागाही अडते. "गाडी वाईट नाही ताई, घेणारा माणूस शोधावा लागतो." मग हे सकाळीच का नाही सांगितले? थांबण्याचे पैसे कापतो म्हणाला असता, तर मी निमूट ऐकून घेतले असते. त्याऐवजी त्याच्या माणसाने ओरखड्यावर अंगठा ठेवला आणि दोष माझ्या गाडीवर टाकला. इतर ठिकाणीही मला हाच अनुभव आला. गिऱ्हाईक कमी आहे असे कोणी म्हणत नाही, गाडी टेम्पो आहे असे म्हणतात, आणि विकणारा माणूस खजील होऊन दहा हजार आणखी सोडतो.

बाजारभाव म्हणजे गाडीची लायकी असे मानणाऱ्यांना मी जिप्सीची आठवण करून देते. मारुतीची जिप्सी १९८५ साली आली. मागे आडवी बाके, पेट्रोलची तहान दांडगी, आत बसले की हाडे खिळखिळी होत. शहरातली कुटुंबे तिच्याकडे फिरकत नसत. उत्पादन बंद झाले आणि मग हीच मंडळी चांगली जिप्सी शोधत गावोगाव फिरू लागली. गाडी तीच होती, तिचा एक नटही बदलला नव्हता, फक्त तिच्यामागे धावणारी माणसे वाढली.

माझ्या काही मित्रांचे म्हणणे असे आहे की विकताना पैसे बुडणार हे माहीत असताना पिकअप घेतलाच कशाला. दादाही काल लिफ्टमध्ये तेच म्हणाले, आपुलकीने म्हणाले, म्हणून मी उलटून बोलले नाही. पण इथे बोलते. सात वर्षे मी मुरबाडहून आंब्याच्या पेट्या, भाताची पोती, कडब्याच्या पेंढ्या आणल्या, शेतावर रोपे आणि शेणखत नेले, त्यासाठी एकदाही भाड्याचे वाहन बोलावले नाही. त्या भाड्याचा हिशेब पुनर्विक्रीच्या रकान्यात कोणी धरत नाही. आणि महाडहून ती मोटर पनवेलला पोहोचवली, पुढच्या आठवड्यात परत नेऊन दिली, गिरणीचा पट्टा फिरू लागला तेव्हा मावशींनी पहिले दळण माझ्या नावाने घातले आणि तांदळाचे गरम पीठ डब्यात भरून दिले, ते कुठल्या रकान्यात धरायचे?

लिहिता लिहिता राग उतरला आहे. खरे सांगायचे तर गाडी विकायची वेळ आली म्हणूनच ते बोलणे इतके लागले. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. दाराच्या कडेचे हँडल धरून, पायरीवर पाय ठेवून ते रुबाबात चढत असत. परवा त्यांनी हँडलला हात घातला, थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "आपण रिक्षाने जाऊ." त्यांना बसता-उतरता येईल अशी बुटकी गाडी घ्यायची आहे, आणि दोन गाड्यांना आमच्याकडे जागा नाही.

म्हणून आता दलालाकडे जाणार नाही. जुन्नर, नाशिक, रोहा, दापोली अशा भागांत ज्यांची शेती किंवा बाग आहे आणि ज्यांच्या अंगणात साडेपाच मीटर जागा आहे, अशा कोणाला गाडी हवी असेल तर मला कळवा. पहिलाच मालक, एमएच-०४ पासिंग, कर्ज फिटलेले आहे आणि त्याची नोंद आरसीवरून उतरवली आहे, विमा चालू आहे, मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० भरून तयार ठेवले आहेत. फोर-बाय-फोरचा (चारही चाकांना जोर देणारा) लो गिअर गेल्याच पावसाळ्यात ओढ्यात वापरला, बिनतक्रार लागतो. अपेक्षा साडेनऊ लाखांची आहे, समोरासमोर बसून थोडे कमी-जास्त करू.

रविवारी दिवसभर मी घरीच आहे. गाडी धुऊन ठेवीन. आज त्या मुलाने जाताना हौद्यात नवे लायनर टाकून घ्या, अडीच-तीन हजारांत ओरखडा झाकला जाईल, असे सुचवले होते. ते मी टाकणार नाही. येणाऱ्याला फाळका उघडून तो ओरखडा मी आधी दाखवीन आणि मोटरीची गोष्ट सांगेन, मग किमतीचे बोलू.